खिशातलं नाणं गोळी अडवतं का?

कारगिलचं युद्ध, १९९९ च्या जुलैमधली ३ आणि ४ तारखेमधली रात्र. १८ ग्रेनेडियर्सची घातक तुकडी टायगर हिलचा उभा कडा दोरांच्या आधाराने चढत होती. त्या लढाईत ग्रेनेडियर योगेंद्रसिंग यादव अनेक गोळ्या लागूनही जगले आणि पुढे परमवीर चक्राचे मानकरी ठरले. ती हकीगत त्यांनी स्वतः बऱ्याच वेळा सांगितली आहे. तिच्यात एक तपशील हमखास येतो: छातीवर झाडलेली एक गोळी खिशातल्या पाकिटातल्या पाच रुपयांच्या नाण्यांवर बसली आणि आत शिरली नाही.

असं काही ऐकलं की आपण म्हणतो, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. म्हणायला हरकत नाही. पण त्या नाण्यांनी नेमकं काय केलं असेल, कुठलीही नाणी तसं करतील का, मोबाइल करील का, जाड डायरी करील का, हे प्रश्न पदार्थविज्ञानाचे आहेत आणि त्यांचा हिशेब मांडता येतो. तो मांडला की एक गोष्ट लक्षात येते. खिशातली वस्तू गोळी एकटीच्या बळावर क्वचितच थांबवते. अंतर, कोन, कमजोर काडतूस, वाटेतला दुसरा अडथळा यांनी गोळीचा बराचसा जोर आधीच काढून घेतलेला असतो. उरलेलं काम तेवढं वस्तू करते.

गोळीत किती दम असतो

गोळीची ऊर्जा वजन आणि वेग यांवर ठरते. हिशेबात वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे वेगाची बाजू जड पडते. पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंच व्यासाची, गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. ऊर्जा सुमारे १४० ज्यूल. पॉइंट थर्टी-एट रिव्हॉल्व्हरची १० ग्रॅमची गोळी २३० मीटर वेगाने निघते, म्हणजे २७० ज्यूल. ९ मिलिमीटर पिस्तुलाची ८ ग्रॅमची गोळी ३६० मीटर वेगाने ५२० ज्यूल घेऊन येते. इथे पिस्तुलं संपतात आणि आकडे एकदम उडी घेतात. एके-४७ ची गोळी वजनाला तेवढीच, ८ ग्रॅम; पण वेग ७१५ मीटर, म्हणून ऊर्जा २००० ज्यूल. आपल्या पोलिसांनी कित्येक दशकं खांद्यावर वागवलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलची गोळी ३१०० ज्यूलच्या घरात जाते.

नुसत्या ज्यूलवरून अंदाज येत नाही, म्हणून एक तुलना. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू १२० ज्यूल घेऊन येतो. पॉइंट टू-टूच्या गोळीत यापेक्षा फार जास्त काही नाही. तरी चेंडू बरगडीवर बसला तर माणूस कळवळतो, गोळी बसली तर मरू शकतो. चेंडूचा छेद ४० चौरस सेंटिमीटर, गोळीचा पाव चौरस सेंटिमीटर. तीच ऊर्जा दीडशे पट लहान जागेवर आदळते आणि कातडी, स्नायू, बरगडी बाजूला सारत आत घुसते. त्यामुळे वाचवणाऱ्या वस्तूला दोनच कामं जमावी लागतात: गोळीचा जोर खाऊन टाकणं किंवा तो मोठ्या जागेवर पसरवणं. चांगलं चिलखत दोन्ही करतं. खिशातल्या वस्तू बहुधा दोन्ही अर्धवट करतात.

आता अर्धवट म्हणजे किती, ते पाहू. सेकंदाला साधारण ६० ते ७० मीटरच्या खाली वेग आला की गोळीला कातडी भेदणं अवघड होतं. ९ मिलिमीटरच्या गोळीला ३६० वरून ६० वर आणायचं तर तिची ९७ टक्के ऊर्जा काढून घ्यावी लागते. निम्मी काढली तरी वेग २५० च्या वर राहतो. आणि पिस्तुलाची पूर्ण पितळी-तांब्याच्या आच्छादनाची गोळी चाचणीच्या जिलेटिनमध्ये (मांसासारख्या मऊ ठोकळ्यात) दोन फुटांच्या आसपास आत जाते, तर माणसाची छाती पुढून मागे जेमतेम २२ ते २५ सेंटिमीटर. म्हणजे निम्मा जोर गेला तरी गोळी हृदयापर्यंत पोचायला पुरून उरते. मंद, शिशाच्या गोळीच्या बाबतीत मात्र हाच निम्मा जोर बरगडीवर अडकणं आणि फुप्फुसात शिरणं यांतला फरक ठरू शकतो.

जाता जाता: गोळी लागलेला माणूस मागे उडून काचेतून बाहेर पडतो, हे पडद्यावरच. ९ मिलिमीटरच्या गोळीचा सगळा संवेग (वजन गुणिले वेग) ७० किलोच्या माणसाला दिला तर तो सेकंदाला चार सेंटिमीटर वेगाने सरकेल. हिसका चिलखत घातलेल्यालाही बसतो, पण तेवढाच.

वजनाचा हिशेब

चिलखत बनवणारे एक साधं माप वापरतात: एक चौरस मीटर भाग झाकायला किती किलो सामान लागतं. पिस्तुलाच्या गोळ्यांसाठीचं केवलार या चिवट कृत्रिम धाग्याचं मऊ चिलखत साधारण पाच-सहा किलोत काम भागवतं. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या, पोलादभेदी स्नायपर गोळ्या अडवणाऱ्या जॅकेटची पुढची प्लेट, आतल्या मऊ जॅकेटसह वापरायची असेल तर, चौरस मीटरला ४० किलोच्या आत आहे. चाचणी आयएस १७०५१:२०१८ या भारतीय मानकाप्रमाणे झालेली.

हेच माप घरातल्या वस्तूंना लावा, गंमत दिसते. २०० ग्रॅमचा मोबाइल, १५ बाय ७ सेंटिमीटर: चौरस मीटरला सुमारे १९ किलो. म्हणजे मऊ चिलखताच्या तिप्पट जड. फोटोकॉपीच्या कागदाचं ५०० पानांचं रीम: साडेसदतीस किलो, जवळपास डीआरडीओच्या प्लेटइतकं. त्या काळातलं पाच रुपयांचं तांबं-निकेलचं नाणं ९ ग्रॅमचं आणि २३ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे जाडी सुमारे अडीच मिलिमीटर आणि चौरस मीटरला २१ किलोहून थोडं जास्त.

वजन पुरेसं असूनही मोबाइल भरवशाचा का नाही? केवलारचे धागे ताण फार वेगाने बाजूला पसरवतात. गोळी एका जागी बसते, पण अंगठ्याएवढ्या ठिपक्याऐवजी तळहाताएवढं कापड कामाला लागतं. वीस-तीस थर एकमेकांवर असतात, त्यात गोळीचं टोक चपटं होत जातं आणि तिला आणखी कापड ओढावं लागतं. सिरॅमिकच्या प्लेटमध्ये पुढचा कठीण थर गोळीचा गाभा फोडतो आणि मागचा तंतूंचा थर तुकडे धरून ठेवतो. मोबाइलमध्ये काच फुटते, अ‍ॅल्युमिनियम फाटतं, बॅटरीचे पातळ पत्रे बाजूला होतात. ताण पसरवणारं सलग असं काहीच नाही. त्यात बॅटरीला भोक पडलं की ती पेटू शकते. अशा वेळी फोन अंगापासून ताबडतोब दूर फेकणं, हे गोळीइतकंच तातडीचं काम होऊन बसतं.

नाण्याचं तसं नाही. तो एकसंध धातू आहे, ठिसूळ नाही, वाकतो पण सहसा फुटत नाही. एकच नाणं रायफलच्या समोरून आलेल्या गोळीपुढे टिकणार नाही. नाटो देशांची ५.५६ मिलिमीटरची नेहमीची गोळी पावणेसहाशे मीटरवरूनही साडेतीन मिलिमीटरचा पोलादी पत्रा भेदावी, अशीच घडवलेली असते. पण पाकिटात चार नाणी एकावर एक आली की जाडी एक सेंटिमीटरला पोचते आणि वजनाचा आकडा चौरस मीटरला ८० किलोच्या पुढे जातो. त्यात गोळी तिरपी आली तर आणखी फायदा. ही जुळणी मात्र आपण करत नाही, पाकिटात नाणी कशी पडली आहेत त्यावर ठरते. आणि जागेचा प्रश्न उरतोच: छातीचा पुढचा भाग ३५ बाय ४० सेंटिमीटर धरला तर १४०० चौरस सेंटिमीटर, नाण्याचं क्षेत्रफळ चार. छातीवर कुठेही बसणारी गोळी नेमकी नाण्यावर बसण्याची शक्यता साडेतीनशेत एक.

गोळी वळते म्हणजे काय

गोळी पत्र्यावर सरळ न बसता तिरपी बसली की दोन गोष्टी एकदम घडतात. तिला पत्र्यातून जायची वाट लांबते. लंबापासून ६० अंश कलली तर दुप्पट. आणि पत्र्याच्या आत घुसणारा वेगाचा भाग निम्म्यावर येतो, म्हणजे आत घुसवणारी ऊर्जा पावपट. फारच तिरपी आली तर ती पृष्ठभागावरून घसरत निघून जाते. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी कॅनडाचे सैनिक जेम्स डूहन यांना स्वपक्षाच्याच पहारेकऱ्याच्या ब्रेन मशीनगनच्या सहा गोळ्या लागल्या. चार पायात, एकीने बोट नेलं, आणि छातीवरची एक खिशातल्या चांदीच्या सिगारेटच्या पेटीमुळे आत गेली नाही. पुढे ते दूरचित्रवाणीवरचे गाजलेले नट झाले. ब्रेन थ्री-नॉट-थ्रीची काडतुसं झाडते. ३००० ज्यूलची गोळी काटकोनात बसती तर चांदीच्या पातळ पत्र्याने काहीही झालं नसतं. अशा घटनेत कोनाचाच हात मोठा असतो.

पण ‘गोळी वळली म्हणून वाचला’ या वाक्यात लोक एक हिशेब विसरतात. समजा, वस्तूने गोळीला १० अंश वळवलं. ही वस्तू तुमच्यापासून एक मीटर पुढे असेल, उदाहरणार्थ गाडीची काच, तर तुमच्यापर्यंत येताना गोळी साडेसतरा सेंटिमीटर सरकलेली असेल. हृदयाऐवजी खांदा, किंवा काहीच नाही. तीच वस्तू शर्टाच्या खिशात असेल आणि हृदय तिच्या मागे चार सेंटिमीटरवर असेल, तर गोळी सरकते सात मिलिमीटर. एवढ्याने हृदय चुकत नाही. अंगाला लागून असलेली वस्तू वळवून फारसं साधत नाही. तिने जोर खाल्ला पाहिजे, नाहीतर गोळी इतकी तिरपी आलेली असली पाहिजे की ती शरीरात शिरलीच नाही.

गाडीच्या काचेबद्दल इतकं नक्की सांगता येतं की पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असलेली आणि कललेली असते. बाहेरून आत येणारी गोळी त्यातून सहसा खाली झुकते, आतून बाहेर झाडलेली वर उचलली जाते. पोलिस प्रशिक्षणात हे शिकवतात, कारण पहिल्या गोळीचा नेम त्यामुळे चुकतो. शिवाय काचेचे कण गोळीबरोबर आत येतात, म्हणजे डोळ्यांचा धोका वेगळाच.

आणि वळलेली गोळी कुणाकडे वळेल ते सांगता येत नाही. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हरमधून सहा गोळ्या झाडल्या गेल्या. एकही गोळी त्यांना थेट लागली नाही. त्यांना जखमी करणारी गोळी त्यांच्याच चिलखती मोटारीवर आपटली, चकतीसारखी चपटी झाली, उसळून डाव्या काखेखालून आत शिरली, बरगडीवर आपटली आणि हृदयापासून सुमारे एक इंचावर फुप्फुसात अडकली. गाडी नसती तर ती गोळी त्यांना लागलीच नसती. कठीण, सपाट पृष्ठभागावर तिरपी बसलेली गोळी बहुतेक वेळा ज्या कोनात आली त्यापेक्षा कमी कोनात, म्हणजे पृष्ठभागाला जवळजवळ घासत पुढे जाते. म्हणून गोळीबारात भिंतीला पाठ चिकटवून सरकत जाणं धोक्याचं. भिंतीपासून हातभर अंतर ठेवावं.

आणखी एक वाईट बाजू. नळीतल्या पेचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत येते, एके-४७ ची गोळी सेकंदाला जवळपास ३००० फेरे घेते आणि त्या फिरण्यामुळेच टोक पुढे ठेवून स्थिर राहते. मध्ये बक्कल, किल्ली, नाणं आलं की तो तोल जातो. ती आडवी, गटांगळ्या खात शरीरात शिरते आणि अरुंद बोगद्याऐवजी रुंद जखम करते. वस्तूचे तुकडेही छर्ऱ्यासारखे आत जातात. शवविच्छेदन करणारे डॉक्टर वेड्यावाकड्या प्रवेशजखमेवरून म्हणूनच विचारतात, मध्ये काय होतं?

वाचलेले, आणि अडवूनही न वाचलेला

जुन्या गोष्टींत गोळ्या जास्त अडतात, याला कारण आहे. १२ ऑगस्ट १७५९ रोजी कुनर्सडॉर्फच्या लढाईत प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याच्या अंगावर आलेली गोळी तपकिरीच्या डबीने अडवली. चेपलेली डबी आजही जर्मनीत होहेनत्सॉलर्न किल्ल्यात ठेवलेली आहे. त्या काळची बंदूक शिशाची गोल गोळी झाडायची. गोल आकाराला हवा फार अडवते, काही शे मीटर गेल्यावर तिचा वेग बराच उतरलेला असतो, शिसं मऊ असतं, आणि सोन्याची डबी ते चपटं व्हायला पुरेशी ठरते.

१४ ऑक्टोबर १९१२ ची मिलवॉकीची घटना सगळ्यांत शिकवण्यासारखी. निवडणुकीच्या प्रचारात असलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांच्यावर अगदी जवळून पॉइंट थर्टी-एट कोल्टची गोळी झाडली गेली. वाटेत जाड ओव्हरकोट, खिशात दुहेरी घडी घातलेलं ५० पानी भाषण आणि चष्म्याची पोलादी पेटी. घडी घातल्यामुळे कागदाचे १०० थर, म्हणजे आजच्या कागदाच्या मापाने एक सेंटिमीटर जाडी आणि चौरस मीटरला साडेसात किलो. मऊ चिलखताच्या वजनाइतका कागद, पाठीला पोलादाचा पत्रा, आणि समोर २७० ज्यूलची मंद गोळी. एवढं सगळं जुळूनही गोळी थांबली नाही. छातीत शिरली आणि चौथ्या बरगडीपाशी अडकली. खोकताना रक्त पडत नाही, म्हणजे फुप्फुस शाबूत, हे ताडून रूझवेल्ट जवळजवळ दीड तास बोलले. गोळी १९१९ मध्ये मृत्यूपर्यंत छातीतच राहिली. एके-४७ असती तर कागद आणि पेटी दोन्ही निरुपयोगी होती.

१८८१ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावात चार्ली स्टॉर्म्स नावाचा जुगारी गोळीबारात मेला. डॉक्टर जॉर्ज गुडफेलो यांनी तपासलं तेव्हा छातीच्या खिशातला रेशमी रुमाल गोळीबरोबर जखमेत ओढला गेलेला दिसला. रुमाल ओढताच गोळीही बाहेर आली. रेशीम फाटलं नव्हतं! गोळी कापडाला भेदू शकली नाही, पण कापडासकट शरीरात गेली आणि माणूस गेला. गुडफेलो यांनी १८८७ मध्ये रेशीम आणि गोळ्यांवर लेख लिहिला. दहाएक वर्षांत शिकागोचे पोलिश धर्मगुरू काझिमिर झेगलेन यांनी घट्ट विणलेल्या रेशमाच्या अनेक थरांचं जाकीट तयार केलं. एक थर न फाटणं उपयोगाचं नाही, थरांनी एकत्र राहून गोळीला शरीराबाहेर थांबवावं लागतं. पैठणीच्या पदराकडून ही अपेक्षा ठेवू नये.

मोबाइलच्या कथा याच चौकटीत बसतात. २०२२ मध्ये युक्रेनमधली एक चित्रफीत जगभर फिरली: सैनिक मोबाइल काढून दाखवतो, त्यात रायफलची गोळी रुतलेली. ताजी, सरळ आलेली रायफलची गोळी आठ मिलिमीटरच्या मोबाइलमध्ये रुतून बसत नाही, ती आरपार जाते. रुतली, याचाच अर्थ ती खूप लांबून किंवा कशावर तरी आपटून मंदावलेली होती. २२ मे २०१७ च्या मँचेस्टर स्फोटात फोनवर बोलणाऱ्या एका बाईचं बोट गेलं, बॉम्बमधला पोलादी नट फोनमधून जाऊन गालातून नाकात अडकला. फोनने त्याचा जोर कमी केला आणि दिशाही बदलली, असं डॉक्टरांचं मत पडलं. नट बोथट, हवेत लवकर मंदावणारा. स्फोटाचे तुकडे, छर्रे, उसळलेल्या गोळ्या यांच्याविरुद्ध खिशातल्या वस्तूंची कामगिरी गोळीपेक्षा बरी असते ती याच कारणाने. पहिल्या महायुद्धातलं ब्रॉडीचं पोलादी शिरस्त्राणही वरून पडणाऱ्या छर्ऱ्यांसाठी होतं, रायफलच्या सरळ गोळीसाठी नव्हे.

आपल्याकडे गावठी कट्ट्याच्या घटनांतही असंच घडतं. कट्ट्याच्या नळीत बहुधा पेच नसतात, काडतूस सैल बसतं, दाब फटींतून निसटतो. गोळी अपेक्षेपेक्षा मंद आणि डुलत येते. अशा गोळीपुढे पट्ट्याचं जाड बक्कल खरोखर टिकू शकतं. म्हणून कट्टा कमी घातक समजायचा नाही. दोन-तीन मीटरवर ती गोळीही पुरेशी असते. लग्नात हवेत झाडलेली रायफलची गोळी खाली येताना सेकंदाला ९० मीटरच्या आसपास असते. तेवढ्याने कवटी फुटू शकते, मात्र इथे डोक्यावरचं हेल्मेट कामाला येतं.

या सगळ्या यादीत एक पक्षपात आहेच. चेपलेली डबी जपली जाते, कारण तिचा मालक जगला. ज्यांच्या खिशातली डबी भेदून गोळी आत गेली, त्यांची डबी पुराव्याच्या पाकिटात जाते आणि बातमीत येत नाही.

करून बघू नका

२०१७ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात एका तरुणाने चित्रफितीसाठी छातीपुढे जाड विश्वकोश धरला आणि त्याच्या जोडीदारणीने जेमतेम फूटभरावरून पॉइंट फिफ्टीच्या पिस्तुलाने गोळी झाडली. दीड इंच जाडीचं पुस्तक, चौरस मीटरला सुमारे ३० किलो. समोर २००० ज्यूल. तो जागीच गेला, तिला तुरुंगवास झाला. आधी एका पुस्तकात गोळी अडल्याचं त्याने तिला दाखवलं होतं. कागदाची जात, पानं किती दाबली आहेत, बांधणी, गोळी मध्यभागी बसली की कडेला, यातलं काहीही बदललं की निकाल बदलतो. आणि खरं चिलखत तपासतानाही ते माणसावर घालत नाहीत, मातीच्या ठोकळ्यावर लावतात. अमेरिकी मानकात मागच्या मातीत ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा पडला तर गोळी अडूनही चिलखत नापास.

हा खड्डा महत्त्वाचा आहे. गोळी बाहेरच थांबली तरी ती जागा आत दाबली जाते; बरगड्या मोडतात, फुप्फुसाला मुका मार बसतो, क्वचित हृदयाची लय बिघडते. ज्याला ‘नाण्याने वाचवलं’, त्यालाही दवाखान्यात नेऊन ईसीजी आणि काही तास देखरेख लागतेच.

मग आडोसा कशाचा घ्यावा

खिशाचा विचार सोडून द्या, जमिनीचा करा. दिसू न देणारी वस्तू आणि गोळी अडवणारी वस्तू या वेगळ्या. प्लायवूडचं दार, सोफा, पत्र्याचं कपाट, रिक्षा, गाडीचं दार, झुडूप यांच्यामागे तुम्ही दिसत नाही, पण गोळी येते. गाडीच्या बाबतीत इंजिनचा ठोकळा आणि चाकाची चकती एवढाच भरवशाचा भाग. म्हणून पुढच्या चाकामागे, इंजिनच्या आडोशाला आडवं व्हावं. नऊ इंची विटांची भिंत एखादी गोळी सहज अडवते, पण एकाच जागी लागोपाठ मारा झाला तर ढासळत जाते. काँक्रीटचा खांब, दगडी कठडा उत्तम. कोरड्या वाळूची पोती दीड फूट जाडीत रचली तर रायफलच्या गोळ्याही थांबतात. या सगळ्याच्या आधी अंतर: पळता येत असेल तर पळावं आणि कोपरा वळावं. पाठीवरची सॅक, लॅपटॉप छातीशी धरून उभं राहण्यात वेळ घालवू नये.

गोळी लागल्यावर: ११२ ला फोन. हाता-पायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नव्हे, रुंद पट्टी घट्ट आवळावी आणि वेळ लिहून ठेवावी. जांघ, काख, मान इथे पट्टी बसत नाही. तिथे स्वच्छ कापड जखमेत दाबून दोन्ही हातांनी जोर धरावा. छातीत भोक असेल तर प्लॅस्टिकच्या तुकड्याने झाकावं. श्वास आणखी अडखळला तर तो उचलून हवा जाऊ द्यावी. पाठ तपासायला विसरू नये, बाहेर पडलेल्या गोळीचं भोक तिथे असतं. जखमेत नाण्याचा, फोनचा तुकडा रुतलेला दिसला तरी तो उपटू नये.

पोलिस केस आहे म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की आधी उपचार, मग कागदपत्रं. सरकारी असो वा खासगी, दोन्ही दवाखान्यांना ते लागू आहे. कपडे कापताना गोळीच्या भोकातून कात्री चालवू नये, बाजूने कापावं. ज्या वस्तूवर गोळी बसली ती धुऊ नये, पुसू नये, प्लॅस्टिकऐवजी कागदी पाकिटात ठेवून पोलिसांकडे द्यावी. न्यायसहायक प्रयोगशाळेत खळीचा आकार, शिशाचा आणि आच्छादनाचा माग, ओरखड्याची दिशा यांवरून गोळी कुठल्या कोनातून आली आणि साधारण कुठल्या जातीच्या हत्याराची, हे सांगता येतं.